मानसिंगदादांचे बंद पान

मी, नाथाजी ज्ञानू नलवडे, वय ६१, निवृत्त हवालदार, राहणार मलकापूर, ता. कराड, पूर्ण शुद्धीत हे स्वतःच्या हाताने लिहितो. डॉक्टर बरे व्हाल म्हणतात, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून घाई केली. कोणाचा दाब नाही. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहते घर पत्नी मनुबाईचे. तिच्या हयातीत मुलगा वीरधवल याने त्यात भिंत घालू नये. उसाचा तुकडा त्याचा. रेडिओ दुरुस्तीची हत्यारे त्याला देऊ नयेत. माझा ट्रान्झिस्टर त्याने खोलून तसाच टाकला आहे.

२. सोप्यातला संगणक व त्यावरची गावच्या जवानांची वेबसाइट मुलगी पूजाची. माहिती भरण्याचा प्रोग्रॅम तिनेच रचला. आरंभी फोल्डरला ७७७ परवानगी दिली होती, म्हणजे कोणीही यावे नि लिहावे. गावातले आमचे नानासो भरतीच्या रांगेतही कधी उभे राहिले नाहीत, ते महिन्यात वेबसाइटवर सुभेदार झाले. मी पूजासकट सगळ्यांचे लिहिणे बंद केले.

३. नानासोंचे नुसते निमित्त होते. थोरले बंधू कै. मानसिंग यांचे पान पूजाने लिहिले होते. ७१ साली रंगुबाई वहिनी बाळंतपणात अत्यवस्थ होत्या, म्हणून दादा रजा संपूनही परतले नाहीत. कोणीतरी पलटणीला पत्र लिहून त्यांना पकडून दिले. कोणी, ते कळले नाही, असे तिने लिहिले. त्या पानाला मी ६०० लावले, म्हणजे ते एकट्या मलाच उघडते. वहिनींनी विचारले, "भावजी, त्यांचं पान का उघडत न्हाई?" मी मशीन बिघडल्याचे सांगितले.

ते पत्र मी लिहिले. शिस्त म्हणून लिहिले, असे अठ्ठावीस वर्षे मनाला सांगत आलो. खरे तर दादांचे कौतुक मला सोसत नव्हते. मला लाज वाटते.

पानाला आजच ६४४ केले आहे. मालकी पूजाच्या नावे करावी. लिहील ती, वाचतील सगळे. 'कोणी, ते कळले नाही' हे वाक्य तिने पुरे करावे. माझ्या पानावर काय लिहावे, हे मी सांगत नाही.

मलकापूर, २१ नोव्हेंबर १९९९
सही: ना. ज्ञा. नलवडे

साक्षीदार, दोघींसमक्ष सही केली:
अंजना पवार, शिक्षिका (सही)
रंगुबाई मानसिंग नलवडे (डावा अंगठा)

वहिनींना अक्षरओळख नाही, म्हणून पूजाने सर्व वाचून दाखवले. तिसरे कलम झाल्यावर त्या म्हणाल्या, "परत वाच, पूजे." तिने परत वाचले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता शाईसाठी हात पुढे केला.