डायंथसला बांधलेल्या चिंध्या

बमरोली, सुरत

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जय भीम. फोन सोडून आई कागद घेऊन का बसली, असं वाटेल तुला. अगं, एका खोलीत कुजबुजलं तरी तुझ्या बाबांच्या कानावर जातं, आणि हे त्यांच्याबद्दलच आहे. शेजारच्या पुष्पाबाई लेकीकडे तुझ्या नाशिकला निघाल्यात, त्यांच्या हाती देते.

तुझ्या बाबांना फुलांचं वेड लागलंय. हसू नको! माझ्या गजऱ्याकडे कधी ढुंकून न पाहिलेला माणूस दिवाळीनंतर चलथाणच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून रोपं घेऊन आला. मी म्हटलं, गवत आणलंत की काय? पानं तशीच बारीक, निळसर. दांडीला जागोजागी फुगीर पेरं आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं. म्हणाले, हे डायंथस, पाकळीची कड बघ म्हणजे ओळखशील. फुललं तेव्हा पाहिलं, तर कापडाचं सॅम्पल नागमोडी कात्रीने कापतात ना, तश्शी कातरलेली कड. वास किंचित लवंगेचा. पांढरी, फिकी गुलाबी, लाल, जांभळी, सगळी गॅलरी भरली.

फुलं मलाही आवडली. पण मी काही भोळी नाही. दर रविवारी नर्सरी म्हणजे काय? तिथली मालकीण शोभाबाई, एकटी राहते, बोलायला गोड. शोभाबाई म्हणतात मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, शोभाबाई म्हणतात सकाळचं ऊन हवं, शोभाबाई म्हणतात सुकलेलं फूल खुडलं की नव्या कळ्या धरतात. माझ्या घरात तिचंच राज्य! वर प्रत्येक कुंडीला फुलाच्या रंगाची चिंधी बांधलेली. त्यांच्या डाइंग हाऊसमधून रंगवलेल्या कापडाच्या चिंध्या येतात ते ठीक, पण त्यांना गाठी कशाला? पांढरीला एक, गुलाबीला दोन, पुढे आणखी. विचारलं तर म्हणे, सहज. कामावरून आले की त्या गाठी बोटांनी चाचपत बसायचे. त्या बाईची काहीतरी खूण असणार, असं माझ्या मनाने घेतलं. माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गॅलरी धुताना सगळ्या चिंध्या सोडल्या, कचऱ्यात फेकल्या आणि कुंड्याही इकडच्या तिकडे केल्या.

पौर्णिमेला सकाळी बाबांनी वंदनेसाठी नेहमीच्या जागच्या कुंडीतली फुलं कापून आणली. बुद्धमूर्तीपुढे ठेवली आणि खुशीत म्हणाले, पांढरी काय भरभरून आलीत! प्रज्ञा, ती सगळी गुलाबी होती गं. मला थट्टा वाटली, मी हसले. ते हसले नाहीत. एक फूल दाराशी उजेडात नेऊन वळवून वळवून पाहिलं आणि चिंध्या कुठे गेल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, टाकल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. फूल परत ठेवून वंदनेला बसले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी तडक नर्सरी गाठली. शोभाबाई म्हणाली, तुमचे मिस्टर प्रत्येक रोपाचा रंग मला विचारतात आणि माझ्यासमोरच चिंधीला गाठी मारतात. मला वाटलं काही खेळ असेल. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा रोज फुलाकडे बघून मनात रंग म्हणायचे आणि मग गाठ चाचपून खरं-खोटं करायचे. स्वतःच्या डोळ्यांचीच परीक्षा घेत होते. आयुष्यभर कापडाची शेड नमुन्याशी जुळवलेला माणूस, बाई! एका लॉटचा रंग चुकला की डाइंग मास्तर घरी बसवेल. आणि मला तर नोकरीपेक्षा त्यांचीच धास्ती, रोज सायकलने पांडेसऱ्याचा गर्दीचा रस्ता ओलांडतात.

नव्या चिंध्या शोधून मी परत बांधल्यात, तशाच गाठी मारून. कामावरून आले की ते पुन्हा त्या चाचपत बसतात. तू डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहेस म्हणून हे लिहिलं. चार दिवस रजा काढून ये. तपासणी शिकायची आहे म्हण आणि त्यांना समोर बसव, लेकीला ते नाही म्हणणार नाहीत. मी कळवलं हे मात्र कळू देऊ नकोस. खरं सांगू? आता वाटतं, शोभाबाईचीच भानगड निघाली असती तर बरं झालं असतं. तिच्याशी मी भांडले तरी असते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई