मिस्टर धबाकच्या पँटचं ठिगळ

ती. लेओपोल्ड मामांना,

न्यूयॉर्कहून लोरेन्झचा नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? मामीचं आंबवलेल्या कोबीचं पिंप यंदा धड आहे ना? (मागच्या वर्षी ते तुमच्या अंगावर फुटलं, त्यावर माझे दोन रविवार निघाले. थँक यू!)

मामा, मी अजून हादरलेलोच आहे. तुमच्या मिशा, तुमचं पोट आणि तुमची पडायची स्टाइल घेऊन मी पेपरात दर रविवारी 'मिस्टर धबाक'ची चित्रकथा काढतो, आणि तुम्ही तो ओहायोभर कौतुकाने दाखवत फिरता. तर मागच्या महिन्यात मी 'मॉर्निंग बेल' सोडून 'लँटर्न'मध्ये आलो, कारण इथे अख्खं पान मिळतं, तेही रंगीत! वाटलं, धबाक माझ्याबरोबर येणार. आलाच की! पण 'बेल'वाले म्हणाले, नाव आमचं, आणि त्यांनी क्लॅन्सी म्हणून एकाला बसवून आपलाही धबाक चालू ठेवला. आता दर रविवारी शहरात दोन धबाक पडतात. (आमच्या धंद्यात हे चालतं म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं!)

म्हटलं, नक्कल ती नक्कल. काल हसायच्या तयारीने 'बेल' उघडला आणि कॉफी मांडीवर सांडली. क्लॅन्सीचा धबाक बदकाला घाबरून सफरचंदाच्या मुरंब्याच्या कढईत बसलेला, आणि पँटला मागे मामीच्या निळ्या चौकड्यांच्या एप्रनचं ठिगळ! मामा, ते ठिगळ मलासुद्धा माहीत नव्हतं!

तसाच उठलो आणि क्लॅन्सी जेवतो त्या बारमध्ये गेलो. तोंडात घास ठेवून म्हणतो, "ये रे ये! तुझे मामा म्हणजे देवमाणूस. आठवडाभर ओसरीवर बसवून घेतलं. तुझा दोस्त म्हटल्यावर मामी डंपलिंग वाढायच्या थांबेचनात."

"तू? माझा दोस्त?"

"मामा एकच, म्हणजे आपण भाऊच की रे!"

आमचे एडिटर तर म्हणाले, "खरा धबाक त्यांच्याकडेच दिसतोय. येत्या रविवारी त्याच्यापेक्षा जास्त हसवलं नाहीस, तर तुझं पान कुत्र्यावाल्याला." कुत्र्यावाल्याला, मामा! त्याला कुत्र्याचे पाय धड काढता येत नाहीत!

हात जोडतो, त्या क्लॅन्सीला परत दारात उभं करू नका.

तुमचा (खरा) भाचा,
लोरेन्झ

ता.क. मिशाच उडवून टाकाल का? त्याला काढायला काही उरणारच नाही.

ता.क. २ नको, नको! मग मी काय काढू?

ता.क. ३ या आठवड्यात कुठे पडलात का? लगेच सविस्तर तार करा. नसाल पडला, तर गोठ्याच्या शिडीवर जरा चढून बघाल? मामी खाली गवत पसरेल. फक्त चढायच्या आधी ओसरीवर एक नजर टाका, क्लॅन्सी आज दुपारच्या गाडीने निघालाय.