पडद्यासमोरचा चेहरा

चिऊ,

आज तुझा पहिला सिनेमा पाहिला. वर्तमानपत्रातून सिनेमांची चिरफाड करण्यात माझी हयात गेली. अंधारातही माझं पेन थांबत नाही, अशी फुशारकी मारायचो. आज टोपणसुद्धा निघालं नाही.

शेवटी तू अख्खा पडदा एकाच चेहऱ्याने भरलास. थिएटरातला एक बाप, हातातलं पेन विसरून, आ वासून सिनेमा बघतोय. नट दुसराच, पण बसणं माझं! लहानपणी शेजारी बसवून ‘पडद्याकडे बघ’ म्हणून तुला दटावायचो, तेव्हा तू हे बघत होतीस होय?

संपादकांना सांगितलं, घरचं कार्य आहे, परीक्षण दुसऱ्याला द्या. हे पत्रही पाठवणार नाही; तुझा निर्माता यातलं वाक्य उचलून पोस्टरवर छापेल.

अजून आ वासून बसलेला,
बाबा