रिकाम्या बाहीची तपासणी

...आणि कारकुनाने माझी डावी बाही धरून खसकन ओढली, दाजी! आत हात लपवला आहे काय, ते पाहायला. बाही फाटून त्याच्या मुठीत आली. मी म्हणालो, "रावसाहेब, आत काही सापडलं तर मलाही सांगा."

रागाच्या भरात दंडवत राहिला. तो आपणांस व ताईस पोचावा. आपला गुडघा कसा आहे? बसलेला बैल उठला का?

झाले ते असे. डावा हात मी कंदाहारच्या वाटेवर ठेवून आलो, त्याबद्दल सरकार पेन्शन देते. आता कल्याणच्या भातबाजारात मला मापाऱ्याचे काम लागले. तेही हातामुळेच, म्हणजे नसलेल्या. (दोन हातांचा मापारी एका हाताने पायली भरतो आणि दुसऱ्याने भात दाबतो, हे आपणांस मी सांगायला नको. आपण त्यात पोळलेले आहात.) शेतकरी म्हणतात, थोट्यालाच बोलवा, त्याला लबाडी करायला हात नाही.

कामधंदा लागला तर कचेरीत कळवावे, असा हुकूम आहे. बायको म्हणाली, "आपण होऊन वाघाच्या तोंडात मान द्यायची, हेच शिकवलं का पलटणीत?" मी ऐकले नाही. सरकारचे मीठ खाल्ले आहे. (मिठावर सरकार पट्टी घेते, ती निराळी.) ठाण्यास गेलो. कारकुनाचे म्हणणे, ज्याअर्थी दोन हातांचे काम करतोस, त्याअर्थी हात दोन. बाही फाटल्यावर तो म्हणाला, "हात नाही हे दिसतं. पण नुकसान कुठे दिसतं?" दाजी, माझ्या धोतराची गाठ बायको मारते. ते नुकसान मी त्याला कचेरीत कसे दाखवू?

आता उद्या सकाळी डॉक्टरसाहेब बाजारात येऊन माझे माप पाहणार. नीट मापले तर पेन्शन गेली. सांडले तर सारा बाजार बघणार, मग काम गेले. खरे बोलणाऱ्याला दोन्हीकडून धरायचे, हा कुठला न्याय? पण मी लबाडी करणार नाही. पलटणीतला माणूस आहे मी.

आपला मेहुणा,
महिपत

ता. क. (वाचून दाखवणाऱ्याने इथे आवाज खाली घ्यावा. शेजारचे अण्णा बसले असतील तर त्यांस पाणी आणायला धाडावे.) उद्या उजाडताच आपण भाताची गाडी घेऊन यावे व सर्वांच्या पुढे लावावी. मी आपलेच भात सांडीन, मापही चुकवीन. बोंब मालकाने मारायची असते. आपण गप्प राहिलात तर बाजारही गप्प राहील. ताईस सांगू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी. हे पत्र आपणांकडे नेणारा टिटवाळ्याचा गाडीवान रात्री आलाच नाही. पत्र माझ्यापाशीच राहिले. साहेब आले तेव्हा पुढे कोपरच्या रखमाबाईचे भात होते. बाई एकटी आहे, वर्षाचे तेवढेच. ती पायलीकडे बघतच नव्हती, बाजूला पाठ करून पान लावत होती. मी मापले. दाणा सांडला नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि पेन्शन बंद केली.