पाच नंबरची सीट

इंदूर, ५ एप्रिल १९९८

ती. आईस व सौ. सुप्रिया वहिनीस दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, तुमचं अक्षर लई सुबक. आमच्या ड्रायव्हरला पाकीट दाखवलं तर म्हणाला, ही बाई तलाठी असणार. दादाला सांगा, जळू नको.

पत्रास कारण की, वृषालीला डॉक्टरीणबाईनं वैशाखाचा शेवट सांगितलाय. तिच्या माहेरच्यांना आमचं लग्न अजून पचलं न्हाई, तिकडून कुणी येणार न्हाई. शेजारीण चहा देईल, पण बाळंतिणीला न्हाऊ घालायला बसणार न्हाई. आई, तू येते म्हणालीस, त्या शब्दावर आम्ही हाये.

मी न्यायला आलो असतो. पण लग्नसराईत क्लीनरला सुट्टी मागितली की शेठ दुसरा क्लीनर बघतो. इंदूर-अहमदाबाद लक्झरी एक दिवस बिनाक्लीनरची चालत न्हाई. तर तिकडून यायला तीन रस्ते हायेत. एसटी बदलत बदलत धुळ्यावरून. न्हाईतर मनमाडला रेल्वे, ती खांडव्याला सोडून पुढं छोटी गाडी. न्हाईतर आमच्या शेठचीच पुणे-इंदूर लक्झरी, ती मंचरवरून जाते. आईला काय बरं वाटतं ते उलट टपाली कळवा.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस पापा. आठवण ठेवावी.

आपला दत्ता


डिंभे, १४ एप्रिल १९९८

चि. दत्ता भावजी यांस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. आईंना दोनदा वाचून दाखवले. वृषालीने जड उचलू नये, पाटा-वरवंटा तर अजिबात नको, असे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. डिंक आणि अळीव बांधून ठेवलेत.

गाडीचे म्हणाल तर आईंच्या मनात ट्रक आहे. पिंपळवंडीचा त्यांचा भाचा सावळेराम नारायणगावहून टोमॅटो घेऊन दर आठवड्याला इंदूरला जातो, त्याच्या शेजारी बसून येते म्हणतात. मी म्हटले, हाडे खिळखिळी होतील. तर म्हणाल्या, हाडं माझी हायेत, मेंढरांमागं नाणेघाट उतरून कोकणात जात होते तेव्हा कुणी विचारलं न्हाई. तुमचे दादा हसले, तर त्यांच्यावरही डाफरल्या.

ते नसेल तर रेल्वे चालेल म्हणतात, आत सगळी सोय असते असे त्यांनी ऐकले आहे. आणि लक्झरीच असेल तर ती कुठे कुठे थांबते ते नीट लिहा. हे त्यांनी तीनदा बजावले.

आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहो.

तुमची वहिनी, सुप्रिया


इंदूर, २२ एप्रिल १९९८

ती. आईस व सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

ट्रकचं नाव काढू नका. पहिल्यांदा सुनेच्या दारात येणार, ती काय क्रेटांना टेकून, अंगाला टमाट्याचा वास घेऊन? गल्लीतले आधीच मला क्लीनर क्लीनर करतात. रेल्वेचं म्हणाल तर खांडव्याला गाडी बदलताना आई चुकली तर मी कुठं शोधू? तिला पाटी वाचता येते का?

लक्झरीच ठरली. शेठच्या पाया पडून पाच नंबरची सीट घेतली, ड्रायव्हरच्या पाठीमागं, पाठ मागं रेलते, समोर व्हिडिओ. थांबायचं विचारलंत, तर ही काय एसटी न्हाई दर फाट्याला थांबायला. मंचर सोडलं की थेट नाशिक, मग जेवणाला धुळं. मी याच धंद्यातला हाये, मला कुणी गाड्या शिकवू नका.

तीन मेला दादानं आईला घेऊन साडेतीनलाच मंचरला उभं राहायचं. गाडी कुणासाठी थांबत न्हाई.

घाईत लिहिलंय, राग मानू नये, माया कमी करू नये.

दत्ता


डिंभे, ९ मे १९९८

दत्ता भावजींस आशीर्वाद.

आई इंदूरला का पोचल्या नाहीत ते तुम्हाला शेठच्या माणसांकडून कळले असेल. त्यांनी काय सांगितले ते मला माहीत नाही. मी खरे लिहिते. आईंनी लिहू नको म्हटले होते. पोराला असलं लिहितात का, म्हणाल्या. पण आता लिहिते.

गेल्या थंडीपासून त्यांना लघवी धरवत नाही. घरात मला एकटीला ठाऊक. सावळेराम हाक मारली की गाडी बाजूला घेईल, एवढ्यासाठी त्यांना ट्रक हवा होता. तुमचे पत्र वाचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, की त्यानं सीट घेतलीय, आता मोडता घालू नको. तीन तारखेला सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. मंचरला मीही सोडायला गेले होते, तिथे माझ्यासमोर रसवाल्याला नको म्हणाल्या, तेव्हा मी गप्प बसले. ती माझी चूक.

सिन्नरच्या अलीकडे त्यांनी क्लीनरला गाडी थांबवायला सांगितले. तो नाशिक म्हणाला. पुन्हा विचारले, तर म्हातारे, घरून उरकून यायचं, असे मोठ्याने म्हणाला. माणसे हसली. मग व्हायचे ते झाले. नाशिकला त्याने सीट पुसायला लावली. आईंनी पदराने पुसली, बोचके घेतले आणि स्वतःच उतरल्या. दुसऱ्या दिवशी एसटीने, प्रत्येक स्टँडवर उतरत, घरी आल्या. डिंक-अळिवाचे बोचके तसेच परत आणले.

आता त्या कुठल्याच गाडीत बसणार नाहीत. रागावलेल्या नाहीत. एकच गोष्ट मला विचारायला सांगितली आहे, ती जशीच्या तशी लिहिते. आमचा दत्ता पण बायांशी असंच बोलतो का?

उत्तराची वाट बघतात.

सुप्रिया


इंदूर, २९ मे १९९८

सौ. वहिनीस नमस्कार वि. वि.

तेवीस तारखेला वृषालीला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. पहिले दोन दिवस मी गाडीबरोबर अहमदाबादच्या लाईनवर व्हतो. पोरीला न्हाऊ घालायला शेजारीण एकदा आली, मग वृषाली एकटीच उठली.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी डेपोत त्या क्लीनरला धरून मारला. ओठ फुटला त्याचा. सगळे सोडवायला आले. तो रक्त पुसत म्हणाला, तू काय सांगतोस म्हाताऱ्यांना, आरती करतोस काय त्यांची? आमचा ड्रायव्हर तिथंच उभा व्हता. तो हसला.

वहिनी, आईला सांगा, हो. तिचा दत्ता पण असंच बोलतो. चार वर्षं बोलतोय. दुसरं काही वाचून दाखवू नका, हेच वाचा.

परवा झाबुआच्या अलीकडं एक बाई सीटवरून उठून माझ्याजवळ आली. आईएवढीच. मी गाडी थांबवायला केबिनवर थाप मारली. ड्रायव्हर म्हणाला, लेट हाये, दाहोदलाच थांबणार. मी पुन्हा थाप मारली न्हाई. घरी बाळंतीण, कामावरून काढलं तर खायचं काय, असं मनात आलं. मागं वळून तिला दाहोद सांगितलं. फक्त आवाज खाली ठेवला.

माया ठेवा असं लिहायला हात धजत न्हाई. पोरीवर तेवढी ठेवा.

दत्ता