बाभळीजवळचा सांधा

सात नंबरचा मळा,
ता. ११ मे १९४५

चि. भागूबाईस गनीचाचाची दुवा.

आम्ही सगळे खुशाल. माझ्या बानूला मुलगा झाला. नाक तेवढं माझ्यावर गेलंय, बिचारा. इथली विहीर यंदाही तळाला गेली. तिकडे खर्ड्याला पाणी कसं आहे? शेळी व्याली का?

राधाकृष्ण मास्तर, हे पत्र तुम्हीच भागूला वाचून दाखवणार. एक विनंती, आवाज चढवून वाचा. ओट्यावर चार माणसं असतील तर त्यांना उठवू नका.

भागू, मळ्यातून कारखान्याला फोन होता, त्याची तार जमिनीत जाते तिथे पाणी घालायचं काम तुझ्याकडे आलं तेव्हा तू विचारलं होतंस, "चाचा, तारंला कसली वो तहान?" मी सांगितलं, बाई, आपल्याकडे तार एकच. बोलणं तारेतून जातं आणि जमिनीतून माघारी येतं. जमीन कोरडी पडली की त्याची वाट बंद. म्हणून ऑफिसामागे पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर रोज सकाळी दोन घागरी. तू त्या तुळशीला घालाव्यात तशा नेमाने घातल्यास.

दोन वर्षांमागच्या चैत्रात विहीर आटली आणि त्या दोन घागरी तू खुरपणीच्या बायांच्या लेकरांना पाजल्यास. तीन दिवस. चौथ्या दिवशी इंजिनावरच्या श्रीमंतचा हात पट्ट्यात गेला. मोटार बोलवायला फोन फिरवला, तर कारखान्यात घंटी वाजेना. बैलगाडीने नगर गाठेपर्यंत उशीर झाला, हात काढावा लागला. साहेबाने विचारलं तेव्हा तू आपणहून म्हणालीस, "पानी मीच न्हाई घातलं." तुला कामावरून काढलं. तार सांभाळणारा मी तिथेच उभा होतो, हातात पक्कड घेऊन.

फोन पाण्यावाचून बंद पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पत्रा पुरलेली ती जागा उकरली. हातभर खाली माती ओली होती, मुठीत लाडू वळावा इतकी. मग तारेखालून चालत निघालो. बाभळीजवळच्या खांबावर सांधा गंजलेला होता. घासला, उरल्यासुरल्या कथिलाने जोडला, आणि थेंबभर पाणी न घालता घंटी वाजली. तू तेव्हा फाट्यावर गाठोडं घेऊन गाडीची वाट बघत होतीस. मला दिसत होतीस.

अजून एक राहिलंय. तारेचा सांधा नुसता पिळून सोडायचा नसतो, त्यावर कथील ओतावं लागतं. बापजाद्यांचा धंदा कल्हईचा, मला हे कोणी शिकवायला नको. लढाईने कथील मिळेनासं झालं होतं. कंपनीने तारेसाठी दिलेलं कथील मी बानूच्या लग्नाच्या देगीला, त्या मोठ्या तांब्याच्या हंड्याला, कल्हई म्हणून लावलं. त्या देगीतला जर्दा, तो गोड केशरी भात, तूही खाल्लास. "देग आरशावानी चमकती," म्हणालीस.

सोमवारी श्रीमंतला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, दोन वरसं मी भागूमावशीच्या नावानं बोटं मोडली. उरली हुती तेवढी."

मी पायात वहाणा घातल्या.

"मोठ्या साहेबाला कवा सांगता?"

"आत्ता निघालोय."

"चला, मी बी येतो. तुमी वाटंतनं फिराल माघारी."

फिरलो नाही. साहेबाने लिहून मागितलं, लिहून दिलं. माझं काय करायचं ते तो ठरवेल. तोवर बानूला विचारून देग मोडीत घातली, कथील आणलं, आणि रोज तारेखाली फिरून एकेक सांधा पक्का करतोय. दुसरी तारही मागितली आहे. मग बोलणं तारेनेच जाईल आणि तारेनेच येईल. उन्हाळ्यात कोणा लेकराच्या तोंडचं पाणी त्याला लागणार नाही.

पुढल्या गुरुवारी श्रीमंतला घेऊन खर्ड्याला येतो. ज्यांनी ज्यांनी तुला त्या हातावरून बोल लावला, त्यांच्या दारात आधी उभा राहीन. तुझ्या दारात शेवटी. माझ्यासाठी दार उघडलं नाहीस तरी चालेल. श्रीमंतला मात्र पाणी दे. तो उन्हातून आलेला असेल.

कच्चा सांधा ठेवणारा,
गनी कल्हईवाला