पुसल्याशिवाय पाणी नको

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भाचीने कळवलं, जीव भांड्यात पडला. इकडे तुझ्या रबराच्या झाडाने मात्र माझं जिणं नकोसं केलंय. तुझं दार उघडलं की आंबूस भपकारा येतो. पानांवर पिवळट थर चढलाय, बोट लावलं की चिकटतं. चिलटं उठतात ती थेट तोंडात. काल एक चहात पडलं आणि मी ते प्यायलो. शिसारी आली नुसती.

तू चिठ्ठीत लिहिलंस तसंच करतोय. रोज एकेक पान पुसतो, मगच पाणी घालतो. शेजारीण म्हणाली, दुधाने पुसलं की पानं चकाकतात, म्हणून दूध वापरतो. तरी गळतायत.

राग नसावा, वास तर आहेच.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याने लिहितेय, अक्षर सांभाळून घे. अरे, थंडीत त्याला रोज पाणी? "पुसल्याशिवाय पाणी घालू नकोस" म्हणजे मला विचारल्याशिवाय. आई 'पुसणं' कशाला म्हणायची, विसरलास? जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यास आणि बहिणीची चार शब्दांची चिठ्ठी वाचता येईना. दुधाचं वाचून मलाच मळमळलं.

लेक म्हणते, आता कायमची इथेच राहा. गुणाची आहे, पण मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. माझा जीव इथे रमत नाही रे. परत यायला माझ्याकडे एकच सबब आहे, ते झाड. कुंडी उपडी कर, मुळं बघ. पांढरी असतील तर जगेल. काय असेल ते खरं लिही.

माया आहे, अक्कल तेवढी वापर.
तुझी ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुंडी उपडी केली. आतून काळा चिखल आला, नासक्या अंड्यांच्या वासाचा. मुळं धरली तर साल सुटून बोटांत राहिली. मी अंगणात जाऊन ओकलो. बुंधा छातीपर्यंत लिबलिबीत झालाय. वर चाकू लावून पाहिला, पांढरा चीक कुठेच येत नाही. झाड गेलं, ताई.

साबणाने हात धुऊन धुऊन सोलवटले, पण वास जात नाही. माझी मलाच किळस येते. तुझी सबब मी माझ्या हाताने कुजवली. आता तू तिकडेच राहणार, आणि इथे मी भांडायचं कोणाशी?

तुझा धाकटा

२३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लेक तुझं पत्र वाचून दाखवणार होती. मी ते तिच्या हातून ओढून घेतलं आणि डोळ्याला पाणी येईस्तोवर स्वतःच वाचलं. तिला सांगितलं, झाड अत्यवस्थ आहे, मामाच्या हातून काही ते वाचत नाही. शनिवारी येते. तोवर ती घाण बाहेर टाक आणि फरशी घासून ठेव.

यापुढे भाचीला दर महिन्याला पत्र टाकत जा. तो चिकटा, तो वास, चहातली चिलटं, सगळं सविस्तर लिही आणि झाडाला पोटभर शिव्या घाल. तू नाक मुरडतोयस तोवर ते जिवंत आहे, असंच ती समजेल.

तुझी ताई